मनमोहन सिंग गेले. वागळे इस्टेट ते ऐरोली, आपल्या घरांत त्यांचं काय राहिलं?

पारसिकपल्याड (ऐरोली)
शनिवार, २८ डिसेंबर २०२४, रात्री ९.४०

आज सुट्टी होती, सकाळपासून टीव्हीसमोर होते. मोतीलाल नेहरू मार्गावरच्या घरातून पार्थिव निघालं, अकबर रोडवरच्या पक्षाच्या मुख्यालयात थोडा वेळ ठेवलं, तिथून यमुनेकाठी निगमबोध घाट. राष्ट्रपती, पंतप्रधान, भूतानचे राजे, तिन्ही दलांची मानवंदना, गुरबानीचं पठण. दुपारी एक वाजायच्या आत अग्नी दिला. थोरल्या लेकीने दिला.

तिथे मला बसवेना. उठून आत गेले. का, ते सांगायला हा धागा काढते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत टर्नर होते. बावीस वर्षं. लेथवरचं काम असं की कंपनीतले नवे पोरगे 'काकांना विचारा' म्हणायचे. १९९७ च्या दिवाळीनंतर कॅन्टीनच्या टेबलावर व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, फॉर्म ठेवले गेले. सही केलीत तर एवढे, नाही केलीत तर कंपनी बंद झाल्यावर काय मिळेल ते मिळेल. बाबांनी तिसऱ्या दिवशी सही केली. तेव्हा मी अकरावीत होते. आलेले पैसे मुदत ठेवीत टाकले आणि पुढची दहा वर्षं त्या ठेवीचं व्याज दर नूतनीकरणाला कमी होताना पाहिलं. आईने पोळीभाजीचे डबे सुरू केले. सकाळी चारला गॅस पेटायचा.

बाबांनी कंपनीतून एकच वस्तू घरी आणली, त्यांचा मायक्रोमीटर. लाकडी पेटी, आत हिरवं मखमली कापड. महिन्यातून एकदा काढून पुसायचे, थेंबभर तेल लावायचे, परत ठेवायचे. मोजायला काही नव्हतं.

मनमोहन सिंगांचं नाव आमच्या घरात १९९१ च्या अर्थसंकल्पामुळे घेतलं जायचं. कंपनीतले सगळे म्हणायचे, 'त्या सरदारजीने दरवाजे उघडले आणि आपण उडालो.' बाबा मात्र एक वाक्य म्हणायचे: "माणूस खोटा नाही. पण आमचं पुढे काय, ते त्याने सांगायला हवं होतं."

२००८ मध्ये मला ऐरोलीत आयटीत नोकरी लागली. पहिल्याच वर्षी माझा पगार बाबांच्या शेवटच्या पगाराच्या चौपट. एकदा बाबा मला न्यायला ठाणे-बेलापूर रस्त्यावर आले होते. काचेच्या इमारतींकडे बघत बोट दाखवून सांगत होते, इथे धुराडं होतं, इथून आमच्याकडे माल यायचा. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून म्हणाले, "तेच दार. आम्ही बाहेर गेलो, तू आत आलीस."

२०१९ मध्ये बाबा गेले. जवाहरबागेत मी अग्नी दिला, भाऊ नाही मला. नातेवाइकांत कुजबूज झाली, एका काकांनी पाठ फिरवली. आज देशाच्या माजी पंतप्रधानांना त्यांच्या लेकीने सगळ्या देशासमोर अग्नी दिला आणि कुणी 'ब्र' काढला नाही. मला रडू आलं ते दोघांसाठी.

दोन दिवस सगळीकडे एकतर आरत्या चालू आहेत, नाहीतर शिव्या. मला दोन्ही वाचवत नाहीत. माझ्या घरात या माणसाने एकाची नोकरी घेतली आणि दुसऱ्याला दिली, आणि हे दोन्ही खरं आहे. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात अशी घरं हजारांनी असतील. तुमच्या घरात काय आहे ते लिहाल का? पूर्ण लिहा, बरं आणि वाईट दोन्ही.

पहिली लोकल (कळवा)
२८ डिसेंबर, रात्री ९.५८

ताई, वाचून सुन्न झालो. सविस्तर उद्या लिहितो. मायक्रोमीटर जपून ठेवा.

रोकडखिडकी (नौपाडा)
२८ डिसेंबर, रात्री ११.१५

पारसिकपल्याड ताई, फार मनापासून लिहिलंत. मी सरकारी बँकेत छत्तीस वर्षं होतो, त्यातली पहिली बारा कॅशच्या खिडकीत. मनमोहन सिंग आमच्यासाठी आधी नोटेवरची सही होते, मंत्री फार नंतर झाले. ते वित्त सचिव असताना एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही असायची, कारण एक रुपयाची नोट सरकारची. १६ सप्टेंबर १९८२ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि मग बाकीच्या नोटांवर तीच सही आली. दिवसाला किती गड्ड्या मोजल्या असतील! त्या सहीशी ओळख झाल्यासारखी वाटायची.

एक गोष्ट मला कायम जवळची वाटत आली. ते गव्हर्नर झाले आणि जेमतेम पंधरवड्यात, २ ऑक्टोबर १९८२ ला, हैदराबादेत चिंतामणराव देशमुख गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री. मनमोहन सिंगही गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री. दोघेही केंब्रिजचे. चिंतामणरावांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं, हे आपल्या आईबापांच्या पिढीला पाठ होतं. आज ठाण्यात त्यांच्या नावाने महापालिकेची स्पर्धा परीक्षांची प्रशिक्षण संस्था आहे. माझी पुतणी तिथेच अभ्यास करायची.

आता ९१. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांना ते दिवस सांगून कळणार नाहीत. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. त्याच महिन्यात सुमारे ४७ टन सोनं आपल्या मुंबईतून विमानाने बाहेर गेलं, बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून. बँकेत आम्ही रोज लोकांच्या बांगड्या, पाटल्या तारण ठेवून घ्यायचो. बाई काउंटरवर पाटली काढून ठेवते तेव्हा कुणाकडे बघत नाही, खाली बघते. देशाचं सोनं गेल्याची बातमी फुटली तेव्हा आमच्या शाखेत तसंच झालं होतं. कुणी कुणाकडे बघेना.

मग २४ जुलैचा अर्थसंकल्प. त्याच दिवशी आलेल्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग सोडून बाकीच्यांचे परवाने काढले. खताच्या किमती एकदम ४० टक्क्यांनी वाढवल्या, ओरड झाल्यावर ३० वर आणल्या. आमची युनियन संपावर होती, मीही घोषणा दिल्या आहेत. त्या आजही चुकीच्या वाटत नाहीत, कामगाराच्या बाजूने कुणीतरी ओरडायला हवंच होतं. पण नोव्हेंबर २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं, तेव्हा पंतप्रधान हेच होते. ती बातमी मी पेपरातून कापून ठेवली. ज्या माणसाने सोनं जाताना पाहिलं, त्याच्याच हयातीत आणि त्याच्याच कारकिर्दीत ते परत आलं, तेही चारपटीने.

तलावपाळी (ठाणे पश्चिम)
रविवार, २९ डिसेंबर, सकाळी ८.३०

धागाकर्तीच्या भावना समजल्या, आदर आहे. पण पूर्ण लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

१९९१ चं सगळं श्रेय एकाच माणसाला देणं मला पटत नाही. पंतप्रधान नरसिंह राव होते. रामटेकमधून लोकसभेवर गेलेला, मराठी उत्तम जाणणारा माणूस. अल्पमतातलं सरकार त्यांनी चालवलं, सिंगांना राजकारणाबाहेरून त्यांनीच आणलं. त्या रावांचा निरोप कसा झाला? २३ डिसेंबर २००४ ला दिल्लीत गेले. पार्थिव त्याच अकबर रोडच्या मुख्यालयाच्या फाटकाशी आलं आणि आत नेलं गेलं नाही. अंत्यसंस्कार हैदराबादला. तेव्हा पंतप्रधान कोण होते? मनमोहन सिंग. ज्याने हात धरून आणलं त्याच्यासाठी ते फाटक उघडवता आलं नाही. वीस वर्षांनी, त्याच डिसेंबरात, त्याच फाटकातून यांचं पार्थिव सन्मानाने आत गेलं. ते दृश्य पाहताना मला राव आठवले.

दुसरं, स्मारकाचा वाद. निगमबोधला का, वेगळी जागा का नाही, म्हणून दोन दिवस गदारोळ. गृहमंत्रालयाने जागा देऊ असं सांगितलं आहे. पण प्रत्येकाची वेगळी समाधी नको, सगळ्यांसाठी मिळून एक राष्ट्रीय स्मृती स्थळ असावं, हा निर्णय मे २०१३ चा आहे आणि तो सिंगांच्याच मंत्रिमंडळाचा. अटलजींवर २०१८ मध्ये तिथेच अंत्यसंस्कार झाले. यांच्यासाठीही तीच जागा योग्य होती आणि ती अंत्यसंस्काराच्या आधी द्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं. स्वतः एका पैशाला हात न लावता हाताखाली टू-जी आणि कोळसा होऊ देणारा प्रामाणिकपणा देशाला किती उपयोगी? सप्टेंबर २०१३ मध्ये ते परदेशात असताना त्यांच्याच मंत्रिमंडळाचा अध्यादेश त्यांच्याच पक्षाच्या नेत्याने पत्रकारांसमोर फाडून टाकायच्या लायकीचा ठरवला. त्या दिवशी राजीनामा द्यायला हवा होता. वर चिंतामणरावांचा उल्लेख आला आहे. फरक तिथे आहे.

पारसिकपल्याड
२९ डिसेंबर, सकाळी ९.०५

तलावपाळी, रावांबद्दलचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. राजीनाम्याबद्दलही तुमच्याशी सहमत आहे. बाबाही हेच म्हणाले असते.

खाडीकाठ (विटावा)
२९ डिसेंबर, सकाळी ११.४०

मुली, तुझ्या वडिलांच्या पिढीचा मी. मीही वागळे इस्टेटला होतो, रोड नंबर सोळाच्या आसपास, नंतर टीटीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात. तुझ्या बाबांना कदाचित चेहऱ्याने ओळखत असेन. आठच्या पाळीला जांभळी नाक्यावरून बस भरून जायच्या.

एक गोष्ट विचारतो, राग मानू नकोस. बाबांची कंपनी ९१ च्या धोरणामुळे गेली, की जमिनीच्या भावामुळे?

आम्ही हे जवळून पाहिलंय. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, साठच्या दशकातली. जमीन स्वस्त दिली ती कारखाना चालवायला. तीस वर्षांत ठाणे वाढलं, मुलुंडपासून घोडबंदरपर्यंत घरं आली, आणि मालकाच्या लक्षात आलं की खालची जमीन वरच्या यंत्रांपेक्षा जास्त कमावते. त्यानंतर यंत्र बदलणं थांबलं. आमच्याकडे १९८८ नंतर एक नवं मशीन आलं नाही. म्हणजे ९१ च्या तीन वर्षं आधीपासून. ऑर्डर होत्या, पण त्या गुजरात, सिल्वासाला वळवल्या जायच्या, तिथे करात सवलत होती. मग एक दिवस 'तोटा' आला. मग फॉर्म आले. पाच वर्षांनी तिथे टॉवर किंवा ऑफिसं.

उदारीकरणाने त्यांना कारण दिलं, वेग दिला. बाहेरचा स्वस्त माल आला हेही खरं, आमच्या शेजारच्या युनिटमध्ये बेअरिंग व्हायची, ती त्यानेच बुडाली. पण जमीन औद्योगिकची निवासी कुणी केली? ते कागद दिल्लीत झाले नाहीत, इथेच झाले. आम्ही चौकात पुतळा जाळला तो दिल्लीवाल्याचा. इथल्या कुणाला काही विचारलं नाही. ही आमची चूक, आणि ती मला आजही खुपते.

सिंगांवर माझा राग वेगळा आहे. कामगार बाहेर काढायचे तर त्यांना दुसरं काम शिकवा, पोरांच्या फीची सोय करा, यासाठी राष्ट्रीय नूतनीकरण निधी म्हणून एक निधी तेव्हा जाहीर झाला होता. आमच्यासारख्या खासगी कंपनीतल्या माणसांपर्यंत त्यातला रुपया पोचला नाही. चाळिशीतला फिटर, मिलर, टर्नर, सोन्यासारखे हात, ते रिक्षा चालवायला लागले, सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. माझा एक सोबती ज्या जागेवर मिलिंग मशीन चालवायचा, त्याच जागेवरच्या टॉवरच्या गेटवर रजिस्टर लिहायचा. रोज. नऊ वर्षं.

पारसिकपल्याड
२९ डिसेंबर, दुपारी १२.३०

काका, राग कशाला येईल. तुमचं वाचून मी बाबांची फाईल काढली. कंपनीने दिलेल्या पत्रात कारण लिहिलंय: 'बदलती आर्थिक परिस्थिती'. आणि आज त्या जागेवर काय आहे ते मला माहीत आहे, मी त्याच इमारतीत एकदा मुलाखतीला गेले होते. बाबांना कधी सांगितलं नाही.

बाबा गेले तेव्हा हे सगळं त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं. काका, तुम्ही कंपनीचं नाव मला खासगी निरोपात विचाराल का?

सातबारा (उलवे)
२९ डिसेंबर, रात्री ८.१०

मी आगरी आहे, आमची भातशेती आणि मिठागर सिडकोत गेलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईला आणि परिसरात जो गोळीबार झाला, पाच हुतात्मे झाले, त्या मोर्चात माझे आजोबा होते. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. म्हणून सरकार दिल्लीत कुणाचंही असो, आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असतो, जमिनीचं काय.

सिंगांच्या सरकारने २००५ मध्ये सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा आणला. लगेच उरण, पनवेल, पेणच्या गावांना महामुंबई सेझच्या नोटिसा आल्या. एकदा सिडकोला दिलेली माणसं आम्ही, आता उरलेलं पण द्या. आणि भूसंपादनाचा कायदा कुठला? इंग्रजांचा, १८९४ चा! माझी आजी नोटीस हातात घेऊन म्हणाली, "जमीन गेली, पोरांना नोकरी पन नाय, आता काय घर देऊ?" एन. डी. पाटील सर गावोगाव फिरले. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या बावीस गावांत जिल्हाधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांचं मत घेतलं, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली गावं ती. मी तेव्हा कॉलेजात, मित्रांच्या गाडीवर बसून वडखळच्या बाजूला गेलो होतो. नऊवारीतल्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या होत्या, हातात सातबाऱ्याचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून. प्रकल्प गुंडाळला गेला.

म्हणून आरती नको. पण त्याच माणसाच्या सरकारने २०१३ मध्ये १८९४ चा कायदा काढून नवा भूसंपादन कायदा केला, १ जानेवारी २०१४ पासून लागू. खासगी प्रकल्पाला ८० टक्के जमीनवाल्यांची संमती लागेल, सरकारी-खासगी भागीदारीला ७० टक्के, समाजावर काय परिणाम होईल ते आधी तपासा, ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या कितीतरी पट. वाईट त्यांच्याकडून आलं आणि औषधही त्यांच्याकडून आलं. त्या कायद्यात पेणच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचा वाटा आहे असं मी मानतो. माझ्या आजीचा पण.

विमानतळ आमच्या दारात उभा राहतोय. त्याला पर्यावरणाची मंजुरी नोव्हेंबर २०१० ची, म्हणजे त्यांच्याच काळातली. उलवा टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. आम्ही त्या गावांत लग्नाला जायचो. आता पत्ता सांगता येत नाही. हेही हिशेबात धरा.

कोपरीकर (ठाणे पूर्व)
२९ डिसेंबर, रात्री १०.२०

मी गृहिणी आहे, राजकारणात मला गती नाही. पण माझ्याकडे एक कागद आहे त्याबद्दल लिहिते.

२००९ च्या पावसाळ्यात आमच्या चाळीत तीनदा पाणी शिरलं. मुलांची पुस्तकं, गाद्या, तांदूळ सगळं. पुढच्या नाल्याचं काम झालेलंच नव्हतं. एका कार्यालयात चार महिने खेपा घातल्या, प्रत्येक टेबलावर 'साहेब नाहीत'. मग शेजारच्या निवृत्त मास्तरांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दिला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावलं. पोच घेताना कारकुनाने पहिल्यांदा मला खुर्ची दिली. अगदी खरं सांगते, खुर्ची दिली. तीस दिवसांत उत्तर नाही म्हणून पहिलं अपील केलं. मग आलं. मोजमाप पुस्तिकेच्या प्रती होत्या: नाल्याचं काम पूर्ण, लांबी अमुक मीटर, बिल अदा. जो नाला खणलाच नव्हता!

तो कागद घेऊन आम्ही अकरा बायका गेलो. मे महिन्यात काम झालं.

मास्तर म्हणायचे, हा कायदा महाराष्ट्रात आधी आला, २००२ मध्ये, अण्णा हजारेंच्या उपोषणांमुळे, आणि मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात. कुणाचं किती श्रेय ते तुम्ही ठरवा. दिल्लीत सही करायला बसलेला माणूस स्वतःच्याच सरकारच्या विरोधात जाणारा कायदा होऊ देतो, आणि पुढे त्याच कायद्याने त्याच्याच मंत्र्यांची प्रकरणं बाहेर येतात, हे मला मोठं वाटतं. मास्तर आता नाहीत. काल दिवा लावला तेव्हा दोघांची आठवण काढली.

पहिली लोकल
२९ डिसेंबर, रात्री १०.४५

कोपरीकर ताई, तुम्ही लिहायला हवं, कायम. माझं थोडक्यात. वडील परिवहनमध्ये कंडक्टर होते. पेन्शनीच्या आधीची शेवटची वर्षं त्यांना केंद्राच्या शहरी नूतनीकरण योजनेतून आलेल्या नव्या बसवर ड्युटी मिळाली. खालची पायरी, म्हाताऱ्यांना चढायला सोपी. वडिलांचे गुडघे त्या बसमुळे वाचले असं आई म्हणते. पुढे त्यातल्या कितीतरी बस सुट्या भागांवाचून आगारात उभ्या राहिल्या. बस दिल्लीने दिल्या, सांभाळायच्या इथे होत्या. खाडीकाठ काकांचा मुद्दा इथेही लागू.

वऱ्हाडातला (कामोठे)
सोमवार, ३० डिसेंबर, सकाळी ७.१५

मी यवतमाळचा, बऱ्याच वर्षांपासून नवी मुंबईत. २००६ चा जून-जुलै मला आठवतो. पंतप्रधान विदर्भात आले, आत्महत्या झालेल्या घरच्या बायकांशी बोलले. पाऊस होता. १ जुलैला सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आमच्या बाजूच्या गावात लोक म्हणाले, ऐकून घेतलं बुवा माणसानं, बोलला कमी, ऐकलं जास्त. हे फार कमी जणांबद्दल म्हटलं गेलंय आमच्याकडे.

पण २००८ ची कर्जमाफी घ्या. संपूर्ण माफी पाच एकरपर्यंतच्या शेतकऱ्याला, त्यावरच्याला एकरकमी भरलं तर २५ टक्के सूट. पश्चिम महाराष्ट्रात पाच एकर ओलिताचा म्हणजे बरा शेतकरी. आमच्याकडे कोरडवाहू दहा एकरवाला त्याच्यापेक्षा गरीब, आणि तो बाहेर! माझ्या वडिलांकडे नऊ एकर होतं. कापूस, तूर. त्यांनी ते नऊ एकर विकून कर्ज भरलं, मी इथे आलो. ज्या माणसाने समोर बसून ऐकलं, त्याच्या सरकारच्या कागदात ते का उतरलं नाही, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

रोजगार हमीचं मात्र मनापासून. ती आपली योजना, वि. स. पागेंची, ७२ च्या दुष्काळात माझी आजी तिच्यावर खडी फोडायला गेली होती. २००५ च्या कायद्याने ती साऱ्या देशाची झाली. बिहारमधून आलेला माझ्या साइटवरचा मुकादम सांगतो, गावात शंभर दिवस मिळतात म्हणून बायको-पोरं तिथे टिकली. आपल्या महाराष्ट्राची एक गोष्ट देशभर नेल्याबद्दल त्यांना नमस्कार.

तलावपाळी
३० डिसेंबर, सकाळी १०.००

कोपरीकर ताई आणि वऱ्हाडातला, दोघांचं दोनदा वाचलं. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी दिल्लीचंच लिहिलं, घरातलं काही लिहिलं नाही. लिहितो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईत एका मोठ्या अंत्ययात्रेच्या दिवशी सगळं बंद होतं. पालघरच्या दोन मुलींनी त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, लाइक केल्या, आणि अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. अटकेला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम वापरलं, ते सिंगांच्या सरकारने २००८ च्या दुरुस्तीत घातलेलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केलं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. त्या रात्री मी तिला तिच्या पोस्ट काढायला लावल्या. बाप म्हणून त्याची लाज आजही वाटते. म्हणून माझ्या हिशेबात ते कलम मोठं आहे.

आणि म्हणूनच परवाच्या शनिवारबद्दलही सांगितलं पाहिजे. सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा आहे, झेंडे अर्ध्यावर आहेत. मी सकाळी तलावपाळीला फेरीला गेलो. दुकानं उघडी होती, रिक्षा चालू, नाश्त्याच्या गाड्या चालू. चहाच्या टपरीवर मोबाइलवर निगमबोधचं दृश्य लागलं होतं आणि पाच-सहा माणसं मान वाकवून बघत होती. कुणी सांगितलं नव्हतं. अग्नी दिला तेव्हा त्यातल्या एकाने, बहुतेक माथाडी असावा, डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मीही थांबलो.

रोकडखिडकी
३० डिसेंबर, दुपारी १.३०

तलावपाळी, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार.

वऱ्हाडातला, पाच एकरांच्या मर्यादेबद्दल. त्या वर्षी मी ग्रामीण शाखेत होतो, पात्र शेतकऱ्यांच्या याद्या मी केल्या आहेत. साडेपाच एकरवाला माणूस काउंटरवर उभा राहून विचारायचा, साहेब, अर्ध्या एकराने माझं कर्ज कमी होतं का? नियम होता, आम्ही बांधलेले होतो. तुमच्या वडिलांसारखी माणसं डोळ्यांसमोर आहेत. माफी मागण्याचा अधिकार मला नाही, पण याद्या करणारा हात माझा होता, एवढं सांगतो.

खाडीकाठ
मंगळवार, ३१ डिसेंबर, संध्याकाळी ५.५०

मुलीशी काल फोनवर बोलणं झालं. तिचे बाबा आणि मी एकाच बसने जायचो, हे नक्की झालं. ते मागच्या दाराशी उभे राहायचे. डब्याची पिशवी निळी.

तिला सांगितलं, मायक्रोमीटर नुसता पेटीत ठेवू नकोस. कळव्यात माझा भाचा छोटं वर्कशॉप चालवतो, दोन लेथ, चार पोरं शिकायला आहेत. मायक्रोमीटर तिथे आण. एक दिवस पोरांना दाखवू, वाचायचा कसा ते. रोज वापरायला द्यायचा की नाही ते तू ठरव.

पारसिकपल्याड
बुधवार, १ जानेवारी २०२५, सकाळी १०.१०

आज दुखवट्याचा शेवटचा दिवस. धाग्यावरचं सगळं प्रिंट काढून आईला वाचून दाखवलं. निळ्या पिशवीपाशी तिने मला थांबवलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, पुढे वाच.

काका, येत्या रविवारी कळव्याला येते. आईही येणार म्हणते.

सातबारा, तुमच्या आजोबांबद्दल आणि जासईबद्दल वेगळा धागा काढाल का? इतकी वर्षं ऐरोलीत राहून मला त्या पाच जणांची नावं माहीत नाहीत. हे बरोबर नाही.

सातबारा
१ जानेवारी, दुपारी ३.२५

ताई, धागा काढतोच. पण १६ तारखेला जासईला हुतात्म्यांना वंदन असतं, दरवर्षी. उरण लोकलने या, मी स्टेशनवर न्यायला येतो. नावं तिथे कोरलेली आहेत. आजी पण असेल, तिला ९१ बिव्याण्णव काही विचारू नका, तिला फक्त ८४ आठवतं.